हिमनदीकाठची एकादशी

मला स्टुलावर चढून वरच्या कपाटातला डबा काढायचा असला तरी खाली कोणीतरी स्टूल धरून उभं लागतं. अशा बाईने बर्मिंगहॅमच्या एका लहानशा ऑफिसात बसून वर्षानुवर्षं लोकांना आल्प्सच्या बर्फात झोपायला पाठवलं, हे आमच्या मंडळाच्या संपादकांना फार गमतीचं वाटतं. ‘दिवाळी अंकासाठी त्यावर लिहाच’ म्हणून ते कधीचे मागे लागले आहेत. नोकरी चालू होती तोवर वेळ नाही म्हणून मी सुटत होते. आता निवृत्त झाले आणि ती सबबही गेली.

आमची कंपनी गिर्यारोहणाच्या सहली आखून द्यायची. मालक ग्रॅहम स्वतः डोंगरवेडा. विमानं, रेल्वे, गाईड ही कामं इतरांकडे होती, माझ्याकडे होत्या हट. हट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गवताचं छप्पर येतं. पण आल्प्समधली हट म्हणजे हिमनदीच्या कडेला, जिथे गाडीरस्ता जायचा प्रश्नच येत नाही अशा जागी बांधलेली दणकट दगडी इमारत. पीठ, बटाटे, गॅस हेलिकॉप्टरने येतात. पाणी बर्फ वितळवून करतात. शिखर चढणारे लोक आदल्या दुपारी तिथे पोचतात, सगळे एका वेळी एकच जेवण जेवतात, उजेडीच झोपतात आणि पहाटे अंधारात निघतात, कारण ऊन चढून बर्फ मऊ पडायच्या आत परत यायचं असतं. झोपायला एका लांबलचक फळीवर ओळीने गाद्या. शेजारी कोण येईल ते ज्याचं त्याचं नशीब, आणि एक जण घोरायला लागला की सगळ्यांनी ऐकायचं.

वेम्बलीच्या एका गृहस्थांनी मला विचारलं होतं, “रूमला अटॅच्ड बाथरूम असेल ना?” मी म्हटलं, “काका, रूम नाही आणि बाथरूमही नाही. अटॅच कशाला काय करणार?” ते गेले, तीन दिवस अंघोळीशिवाय राहिले आणि परत आल्यावर मला मोठा पेढ्यांचा डबा देऊन गेले. अशी माणसं मला आवडत. मला त्रास द्यायची ती ‘सगळं माहीत आहे’ म्हणणारी. कॉव्हेंट्रीहून गेलेल्या चौघांनी हवा बिघडली म्हणून खाली गावातच मुक्काम ठोकला, ते ठीकच केलं. पण हटला कळवलं नाही. वर हटवाल्याने पाहिलं, चार माणसं यायची होती ती आली नाहीत, आणि त्याने बचाव पथकाला बोलावलं. मी इथून गावातल्या एकेका हॉटेलला फोन लावत गेले, तेव्हा ते चौघे एका ठिकाणी पिझ्झा खाताना सापडले. येणार म्हटलं की जायचं, जमत नसेल तर फोन करायचा, हा या धंद्यातला पहिला धडा.

माझं सगळं काम फोनवर चालायचं. तेव्हा ईमेल होती, पण हटवाल्यांना त्याचं वावडं. सीझन उघडला की एकेकाला फोन करून जागा राखायच्या, माणसं निघायच्या आधी पुन्हा फोन करून खात्री करायची. त्यामुळे ज्यांना मी जन्मात पाहिलं नाही अशा लोकांशी माझी घट्ट ओळख होती. त्यातली सगळ्यात जवळची उर्सुला. स्वित्झर्लंडमधली एक हट ती एकटी चालवायची. तिचा फोन स्वयंपाकघरातच होता. तिचा खोकला, तिच्या भांड्यांचा आवाज, वाऱ्याने दार आपटलं की तिने हासडलेली शिवी, सगळं मला पाठ होतं.

आणि मग एका वसंतात मालतीताई आल्या.

लेस्टरच्या हॉस्पिटलात आयुष्यभर सिस्टर म्हणून काम करून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. वय बासष्ट. ट्रेनने आल्या, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर ठेवली आणि वॉर्डात नवीन आलेल्या मुलीला विचारावं तसं मला विचारलं, “वंदना तूच ना? मला बर्फाच्या शिखरावर जायचंय. ह्याच उन्हाळ्यात.”

मी म्हटलं, “ह्याच का? पुढच्या वर्षी आरामात आखू की.”

“पुढच्या वर्षी माझा गुडघा माझा नसेल. शरद ऋतूत नवीन बसवणार आहेत. सर्जन म्हणाला, त्यानंतर चाला, फिरा, पण बर्फावर जायचं नाव काढायचं नाही.” मग म्हणाल्या, “आमचं गाव वाईकडे, गडाच्या पायथ्याला. भाऊ दर सुट्टीत वर जायचे. आई म्हणायची, मुलींनी गडावर जाऊन काय करायचंय? म्हटलं, मोठी झाल्यावर जाईन. मोठी झाले तर इथे आले. लेस्टरला गड कुठला आणायचा?”

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, पण मला ते लागलं. मी त्यांना हो म्हणून टाकलं. ग्रॅहमने नंतर मला बाजूला घेऊन विचारलं, “बासष्ट वर्षं, दुखरा गुडघा, पहिलंच शिखर. वंदना, खात्री आहे तुझी?” मी म्हटलं, आहे. कशाच्या जोरावर म्हटलं ते मला आजही सांगता येणार नाही.

मग मात्र मी झटून कामाला लागले. शिखर निवडलं ते चार हजार मीटरच्या वरचं, पण त्यातल्या त्यात सरळ, लांब हिमनदीवरून चालत जायचं. बरोबर त्यांच्या भावाची मुलगी नेहा. ती इथेच जन्मलेली, लेस्टरच्या शाळेत शिकवणारी, पायाने पक्की. दोघींना महिनोन्महिने वेल्सच्या डोंगरांत पिटाळलं. एकदम उंचावर गेलं की डोकं दुखतं, मळमळतं, भूक मरते, म्हणून आधी खालच्या एका हटमध्ये रात्र काढायची व्यवस्था केली. गुडघ्यासाठी काठ्या. गाईड म्हणून रेतो नावाचा शांत, अनुभवी माणूस. फक्त तारखा मिळेनात. सगळा सीझन भरलेला. उर्सुलाच्या मी रोज मागे लागले होते. शेवटी ऑगस्टमधल्या एका रात्रीच्या दोन गाद्या कोणीतरी सोडल्या, आणि तिने त्या दुसऱ्या कोणाला न विचारता मला दिल्या. दुसरी तारीख नव्हती, दुसरा उन्हाळाही नव्हता.

हवामान, हिमनदीवरच्या भेगा, परतीची ट्रेन, शाकाहारी जेवण, सगळं मी दोन-दोनदा तपासलं. तिथी काही पाहिली नाही. ती रात्र श्रावणातल्या एकादशीची होती.

मालतीताईंना ते पहिल्यापासून माहीत होतं, पण ते मला सांगावं असं त्यांना सुचलंच नाही. आणि त्यांनी सांगितलं असतं, तरी मी उर्सुलाला काही कळवलं असतं असं मला वाटत नाही. आपल्याकडे घरात कोणाची एकादशी असली म्हणून कोणी काळजीत पडतं का? उलट त्या दिवशी स्वयंपाकघरात जास्तच गडबड असते. मालतीताईंनी राजगिऱ्याचे लाडू, दाण्याची चिक्की, उपासाचा बटाट्याचा चिवडा आणि डबीभर दाण्याचं कूट सॅकमध्ये भरलं होतं. त्यांच्या हिशेबी सोय झाली होती.

त्या संध्याकाळी मी ऑफिस बंद करायला उठले होते. ग्रॅहम गेला होता. फोन वाजला. तिकडून भांड्यांचा ओळखीचा आवाज, पण बोलत होती नेहा, तिच्या लेस्टरी मोडक्यातोडक्या मराठीत.

“वंदनामावशी, आत्याला तो वर नेत नाही म्हणतो.”

“कोण नेत नाही?”

“रेतो. सूप आला, पास्ता आला, आत्याने काहीच घेतला नाही. मी सांगितला की शी इज फास्टिंग टुडे. तो म्हणाला, मग उद्या दोघी हटमध्येच थांबा. मावशी, ही वोन्ट बज, ऐकतच नाही.”

“आत्या काय करते आहे?”

“आत्या शांत बसली आहे. म्हणते, माझा उपास मी कोणाला समजावणार नाही. ती सिस्टरवाला चेहरा केला आहे.”

तो चेहरा मला कळला. मी म्हटलं, “रेतोला फोन दे.”

रेतोचा आवाज अजिबात चढलेला नव्हता, म्हणून तर मला जास्त धास्ती वाटली. “वंदना,” तो म्हणाला, “त्या बाईंच्या देवाशी माझं भांडण नाही. पण पहाटे निघून दुपारपर्यंत चालायचं आहे. हवा विरळ आहे. रिकाम्या पोटी माणूस वर जातो, पण उतरताना पाय कापायला लागतात. आम्ही तिघं एका दोराला बांधलेले असणार. ती पडली की ती मुलगी पडते आणि मीही पडतो. मला नाही म्हणायला आवडत नाही, पण मी नाहीच म्हणेन.”

तो बरोबर होता, हीच पंचाईत. माझ्या नोकरीत गिऱ्हाईक चुकीचं असलं तर त्याला समजवायचं, गाईड आडमुठा असला तर ग्रॅहमला सांगायचं, हे मला येत होतं. इथे कोणीच चुकीचं नव्हतं आणि मालतीताईंचा गड मात्र हातचा चालला होता. उपास मोडा असं मी त्यांना सांगू शकत होते का? मनात आलं, नाही म्हणत नाही. पण रात्रपाळ्या, बाळंतपण, नवऱ्याचं आजारपण, कशातही ज्या बाईने एकादशी मोडली नाही तिला हे सांगायची माझी छाती नव्हती.

आणि मग एकदम डोक्यात प्रकाश पडला.

“रेतो,” मी म्हटलं, “ती आज काहीच खाणार नाही, हे तुला कोणी सांगितलं?”

“तिच्या भाचीने. आज उपास आहे म्हणे.”

“उपास आहे. पण आमच्या उपासाला बटाटे चालतात.”

“बटाटे?”

“बटाटे. लोणी. दूध, दही, मध, फळं. शेंगदाणे तर हवे तेवढे. फक्त गहू, तांदूळ, डाळ असलं काही नाही. म्हणून तिने पास्ता परत केला.”

“चॉकलेट?”

“ते तिलाच विचार,” मी म्हटलं. रेतोने बहुतेक मालतीताईंकडे वळून विचारलं असावं, कारण मागून त्यांचा खणखणीत आवाज आला, “कोको इज अ सीड. नॉट अ ग्रेन. अलाउड.”

रेतो पुन्हा फोनवर आला. “मग हा उपास कसला?”

“हा प्रश्न आमच्या घरांतही विचारतात,” मी म्हटलं.

तो हसला नाही. मग म्हणाला, “ठीक. माझ्यासमोर खाऊ दे. मी आज रात्री जेवढा जेवेन तेवढी जेवली, तर पहाटे दोर बांधतो. नाही जेवली, तर नाही.”

उर्सुलाने त्याच्या हातून फोन काढूनच घेतला. ती इतका वेळ शेजारी उभी राहून ऐकत होती. “माझ्याकडे सकाळचे उकडलेले बटाटे आहेत,” ती म्हणाली. “किसून लोण्यात परतते. रोश्टी. अर्धं स्वित्झर्लंड त्यावर जगतं. चालेल?”

“चालेल. पण उर्सुला, तवा कुठला?”

“तव्याचं काय?”

“तू त्यात सकाळी बेकन तळतेस.”

मग कागद टराटरा फाडल्याचा आवाज आला. “नवा आहे,” ती म्हणाली. “परवा हेलिकॉप्टरने आला. पुढच्या सीझनसाठी ठेवला होता. आता मला दोन्ही हात लागणार, फोन बाजूला ठेवते. तू ऐक.”

तिने रिसीव्हर फडताळावर आडवा ठेवला. त्यानंतर मी बर्मिंगहॅमच्या ऑफिसात कोट घालून, पर्स खांद्याला लावून, स्वित्झर्लंडमधला एक स्वयंपाक कानाने पाहिला. किसणीचा आवाज. लोणी तडतडल्याचा आवाज. ताटल्या. हळूहळू हॉलमधली कुजबुज कमी झाली, कारण काय चाललंय ते टेबलाटेबलांवर कळलं होतं. नेहा मध्येमध्ये येऊन रिसीव्हरमध्ये बातम्या देत होती.

“मावशी, पहिली रोश्टी संपला. आत्याने वर दाण्याचं कूट टाकलं.”

मग, “दुसरा पण संपला. रेतोचा पास्ता अजून आहे.”

मग, “आता लाडू काढले आहेत. एक रेतोला दिला. तो विचारतो हा काय आहे.”

“राजगिरा सांग.”

“राजगिराला इंग्लिशमध्ये काय म्हणतात?”

मला आठवलं नाही. कोणालाच नाही आठवलं. रेतोने तो तसाच खाल्ला.

तिसऱ्या रोश्टीला हॉलमधल्या जर्मन मंडळींनी चमच्यांनी टेबल वाजवायला सुरुवात केली. मालतीताई, नेहाने नंतर सांगितलं, त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता ताठ बसून, एकेक घास नीट चावून जेवत होत्या. हॉस्पिटलात शिफ्टच्या अधेमध्ये मिळेल त्या वेळात पोटभर जेवून घ्यायची त्यांना आयुष्यभराची सवय. वर ग्लासभर गरम दूध झालं, मधासकट. चिक्की झाली. रेतोने आपली ताटली संपवली, अजून थोडा पास्ता घेतला आणि अर्ध्यावर काटा खाली ठेवला. त्याच वेळी मालतीताईंनी उर्सुलाला अतिशय सभ्यपणे विचारलं, आणखी बटाटे आहेत का.

जो हशा उठला तो मला रिसीव्हर कानापासून लांब धरून ऐकावा लागला. मी एकटीच त्या रिकाम्या ऑफिसात डोळे पुसत हसत होते.

उर्सुला फोनवर आली. “गाईड हरला,” ती म्हणाली. “माझे बटाटेही हरले. शेजारच्या टेबलावर तिघं विचारतायत, उद्या आम्हालाही एकादशी मिळेल का?”

मग रेतो आला. आवाज पहिल्याइतकाच शांत. “पहाटे निघतो,” तो म्हणाला. “एक सांग. पाव तिला कधीपासून चालेल?”

“उद्या. सूर्य उगवला की उपास सुटतो. त्याला आम्ही पारणं म्हणतो.”

“सूर्य उगवला की,” तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

पुढचं थोडं आधीच सांगून टाकते. उर्सुलाने तो तवा पुन्हा बेकनला लावला नाही. स्वयंपाकघरात वेगळ्या खिळ्याला टांगून ठेवला. पुढच्या सीझनपासून मी फोन केला की आधी विचारायची, “ह्या पाहुण्यांपैकी कोणाचा बटाट्यांचा दिवस आहे का?” मीही आपल्या लोकांच्या सहली आखताना हवामानाबरोबर पंचांग पाहायला लागले. काही वर्षांनी उर्सुलाने हट सोडली आणि खाली दरीत राहायला गेली. ‘ये एकदा’ म्हणून तिने कितीदा बोलावलं. मी गेले नाही. आधी भीती, मग कामं, मग आज-उद्या. पुढे तिचा नंबरही बदलला. ह्या नोकरीने मला पुष्कळ दिलं, पण त्या बाईला मी डोळ्यांनी पाहिलं नाही ही हळहळ माझ्याबरोबर राहणार.

मालतीताईंचा गुडघा ठरल्याप्रमाणे त्या शरद ऋतूत बदलला. हॉस्पिटलात ज्या नर्सने त्यांना दुसऱ्या दिवशी चालायला उभं केलं तिला त्यांनी म्हणे चालवून दमवलं.

आता त्या सकाळकडे येते. मी ऑफिसला लवकर गेले. ग्रॅहमला आदल्या संध्याकाळची हकिगत सांगितली, तर तो हसून हसून खुर्चीतून पडायचा राहिला. मग तोही फोनकडे बघत बसला. डोंगरातली बातमी येते तेव्हाच येते, आपण करू काहीच शकत नाही. सकाळ सरत आली. मी दोनदा चहा केला, दोन्हीदा तसाच गार झाला. मनात गुडघा, भेगा, उतरणीचा बर्फ, नको नको ते येत होतं. माझ्याच भरवशावर ती बाई तिथवर गेली होती.

फोन वाजला तेव्हा ग्रॅहमने हात पुढे केला होता, पण मी आधी उचलला.

“वंदना?”

आवाज बसलेला, घशात वारा भरल्यासारखा, पण मालतीताईंचाच. मागे उर्सुलाची भांडी वाजत होती. म्हणजे त्या हटवर सुखरूप परतल्या होत्या. ग्रॅहम माझ्या तोंडाकडे पाहत होता. मी मान हलवली, तशी त्याने टेबलावर हात आपटला.

“गुडघा कसा आहे?” मी कसंबसं विचारलं.

“ओरडतोय. ओरडू दे. त्याची मुदत संपलीच आहे.” त्यांनी श्वास घेतला. “अगं, आम्ही चालत होतो. सगळं निळं निळं. रेतो पुढे, मग मी, मागे नेहा. एकाएकी रेतो थांबला. मला वाटलं, झालं, आता परत फिरवतो. तर सूर्य वर आला होता. त्याने हातमोजा काढला, सॅकमधून पाव काढला, तोडला आणि पहिला तुकडा माझ्यासमोर धरला. म्हणाला, ‘युअर सन इज अप, सिस्टर.’ त्याने स्वतः काही खाल्लं नाही, नेहाला दिलं नाही. मी खाईपर्यंत दोघं थांबले.”

“मग पुढे किती चढायचं राहिलं होतं?” मी विचारलं.

मालतीताई रडत होत्या का हसत होत्या, मला ओळखता येईना.

“वंदना, पुढे काही नव्हतंच,” त्या म्हणाल्या. “चहूकडे सगळं खालीच होतं. पारणं वर झालं माझं.”